लहानपणीच्या पुस्तकाचा चित्रपट : आधी सांगणारा शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे : लहानपणी पारायणं केलेल्या एका मराठी पुस्तकावर चित्रपट करायचा आहे. पुस्तक सुट्या प्रसंगांचं आहे, सलग कथानक नाही. किती बदललं तर चालतं, हक्क कसे घ्यायचे, मुलांबरोबरचं चित्रीकरण कसं आखायचं, आणि पुस्तकावर जीव असलेला प्रेक्षक हमखास 'पुस्तकातली मजा नाही आली' असं का म्हणतो?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात.

प्रसंग गाळले म्हणून वाचक चिडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा खरा नाही. कुणालाही त्याच्या लाडक्या पुस्तकातले दहा प्रसंग सांगायला लावा, चार-पाचांवर गाडी अडते. फास्टर फेणेच्या कोणत्या गोष्टीत कोणता चोर होता, हे भल्याभल्यांना आठवत नाही. पण फुरसुंगीचा बन्या आणि त्याचं 'ट्टॉक' कुणी विसरत नाही. म्हणजे लक्षात राहतो तो घटनाक्रम नाही, सांगायची तऱ्हा. भा. रा. भागवतांच्या वाक्यांतली ती मिश्कील धावपळ गेली, तर बन्याचे सगळे प्रसंग जसेच्या तसे घेऊनही हाती एक साधी चोर-पोलीस गोष्ट उरते. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, मग तो 'अमुक प्रसंग का गाळला' अशी तक्रार करतो. तक्रार प्रसंगाची असते, दुखणं सांगणारा हरवल्याचं असतं.

म्हणून पहिलं काम : पुस्तक कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि किती वर्षांनी सांगतंय, हे एका कागदावर लिहून काढा.

'श्यामची आई' घ्या. १९३५ साली आलेलं हे पुस्तक ४२ रात्रींचं आहे, एक रात्र म्हणजे एक प्रकरण. वाचकाला त्यातला लहान श्याम आठवतो. सांगणारा मात्र मोठा झालेला, आई गमावलेला श्याम आहे, आणि तो रात्री आपल्या सोबत्यांना सांगतो आहे. पुस्तकात डोळे भरून येतात ते त्या अंतरामुळे. लहान श्यामला तेव्हा कळलं नव्हतं आणि मोठ्या श्यामला आता कळून उपयोग नाही. चित्रपटात नुसता लहान श्याम दाखवला, तर उरतो एक हट्टी मुलगा आणि एक उपदेश करणारी आई. या पुस्तकाची रूपांतरं याच ठिकाणी घसरायची भीती असते. २०२३ च्या सुजय डहाके यांच्या चित्रपटात साने गुरुजींची भूमिका ओम भूतकर यांच्याकडे आहे आणि चित्रपट कृष्णधवल आहे. दोन्ही निर्णय आवडोत न आवडोत, 'हे कुणीतरी मागे वळून पाहतं आहे' ही भावना टिकवायला ते मदत करतात.

आता प्रत्यक्ष पद्धत. प्रत्येक प्रकरणासाठी एक कार्ड करा आणि त्यावर तीन रकाने आखा : काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि जे फक्त सांगणाऱ्याला माहीत आहे. तिसरा रकाना भरत गेला की ते प्रकरण पडद्यावर अवघड, हे लगेच कळतं.

दोन उदाहरणं शेजारीशेजारी ठेवून बघा. 'थोर अश्रू' या रात्रीत आंघोळ झालेला श्याम पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावतो. ओले पाय, धोंड, पसरलेला पदर, सगळं डोळ्यांना दिसतं. पायांसारखंच मनालाही घाण लागू नये म्हणून जप, एवढं एक वाक्य आईनं बोलायचं. हा प्रसंग जवळजवळ चित्रपटासाठीच लिहिल्यासारखा आहे. उलट 'अळणी भाजी' बघा. भाजीत मीठ पडलेलं नाही, वडील न बोलता जेवतात, मुलंही गप्प राहतात, आई नंतर पानावर बसते तेव्हा तिला कळतं. वाचताना गळा दाटतो. पण भाजीत मीठ नाही, हे कॅमेऱ्याला दिसत नाही! कॅमेऱ्यासाठी माणसं मुकाट्यानं जेवताहेत, एवढाच तो प्रसंग आहे.

तो उभा करायचा तर प्रेक्षकाला आईच्या आधी कळलं पाहिजे. पहिला घास वडिलांचा. तोंडाकडे गेलेला हात क्षणभर थांबतो आणि मग पुढचा घास नेहमीसारखाच. त्यानंतर श्यामचा घास, तोंड वाकडं, नजर वडिलांकडे. वडील जेवताहेत, म्हणून तोंडावर आलेले शब्द तो गिळतो. आई वाढायला येते तेव्हा तिचा चेहरा दाखवायचा नाही, हात दाखवायचा. तिचा चेहरा राखून ठेवायचा तो ती स्वतः पहिला घास घेते तेव्हासाठी. यात संवाद जवळपास नाहीत, निवेदन तर अजिबात नको. इथं निवेदन घातलं की तिसरा रकाना वाचून दाखवल्यासारखं होतं आणि प्रसंग संपतो. संकलनाच्या वेळी वडिलांच्या थबकलेल्या हाताचा तुकडा वीस-पंचवीस फ्रेमपर्यंत, म्हणजे जेमतेम सेकंदभर, कापायचा मोह होईल. कापू नका, सगळा प्रसंग त्या हातावर उभा आहे.

निवेदनाला माझा विरोध नाही, आळशी निवेदनाला आहे. साधी कसोटी अशी : निवेदन बंद करून दृश्य बघा. दृश्य तेवढंच कळत असेल तर निवेदन फालतू आहे. काहीच कळत नसेल तर दृश्य कच्चं आहे. दृश्याचा अर्थ बदलत असेल तरच ते ठेवा. दोन तासांच्या चित्रपटात सगळं मिळून पाच-सहा मिनिटांहून अधिक निवेदन सहसा पेलत नाही. आणि ते चित्रीकरणाआधी कुणाच्याही आवाजात मुद्रित करून ठेवा, म्हणजे सेटवर दृश्याची लांबी त्याच्या हिशेबानं घेता येते. डबिंगच्या टेबलावर लिहिलेलं निवेदन दृश्यांच्या फटींत कोंबलेलं लगेच ऐकू येतं.

प्रकाश नारायण संतांचा लंपन हा याच प्रश्नाचा सगळ्यात अवघड नमुना. 'वनवास'मधली सगळी गंमत त्याच्या डोक्यात चाललेल्या बडबडीत आहे : तो 'मॅड' शब्द, कुठल्याही गोष्टीला चिकटवलेला हजारातला आकडा, बेळगावकडच्या बोलीचा हेल. हे मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक नाही, मूलपणाविषयी मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे. रूपांतर करणाऱ्यानं हा भेद पहिल्या दिवशीच केला पाहिजे. २०२४ साली निपुण धर्माधिकारी यांनी त्याची वेबमालिका केली. चित्रपटाऐवजी मालिका हा निर्णय मला मुळातच योग्य वाटतो. सुट्या गोष्टींचं पुस्तक भागांमध्ये श्वास घेतं. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'ही दूरदर्शनवर मालिका म्हणूनच घराघरांत पोचला. तुमच्याही पुस्तकाला चित्रपटाचाच आग्रह का, हे निर्मात्याला एकदा विचारून बघा. उत्तर पैशाचं असेल तर ठीक, पण ते माहीत असावं.

चित्रपटच करायचा ठरला, तर गणित मांडावं लागतं. ११० मिनिटं धरा. दोन गाण्यांना सात-आठ मिनिटं गेली. उरलेल्या वेळात दृश्यागणिक सरासरी पावणेदोन मिनिटं धरली, तर साठेक दृश्यं बसतात. पुस्तकातलं एक प्रकरण नीट उभं करायला चार-पाच दृश्यं लागतात, म्हणजे बारा ते पंधरा प्रकरणं. ४२ रात्रींपैकी पंचवीसहून अधिक जाणारच आहेत. हे आकडे निर्माता, दिग्दर्शक आणि लेखकाचे वारस यांच्यासमोर पहिल्याच बैठकीत ठेवा. नाहीतर 'एवढं एक घ्या हो' करत पटकथा अडीच तासांवर जाते आणि शेवटी संकलक मधूनमधून कापतो. तेव्हा जातात ते नेमके शांत प्रसंग.

एक तांत्रिक बाब. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या टाइपवर आणि समासांवर बेतलेला आहे. देवनागरीत फॉन्ट बदलला की तो कोलमडतो. मराठी पटकथेची लांबी घड्याळ लावून, संवाद मोठ्यानं म्हणत आणि हालचाली मनात करत मोजावी. मुलांचे संवाद मोठ्या माणसानं वाचले तर वेळ कमी भरतो. मूल मध्ये थांबतं, विसरतं, इकडेतिकडे बघतं. दहा-पंधरा टक्के वर धरा.

मग कोणती पंधरा प्रकरणं? 'सगळ्यात गाजलेली' हे चुकीचं उत्तर. गाजलेली पंधरा ओळीनं लावली की संमेलनातल्या नाट्यछटा होतात. कार्डं जमिनीवर पसरा आणि एकच नातं किती कार्डांत येतं ते मोजा. जे नातं सर्वांत जास्त ठिकाणी आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलतं, ते तुमचा कणा. 'तोत्तोचान' हे पुस्तक मराठी घरांत चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून पोचलं. तेही असंच छोट्या छोट्या प्रकरणांचं आहे. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी त्यावर चित्रपट करायला कित्येक वर्षं नकार दिला होता. अखेर २०२३ च्या डिसेंबरात जपानमध्ये त्याचा ॲनिमेशनपट आला. त्यात शाळेचे वर्ग असलेले आगगाडीचे डबे आहेत, मुख्याध्यापक कोबायाशी सर आहेत, जेवणाच्या डब्यातलं 'समुद्रातलं काही, डोंगरावरचं काही' आहे. पण कणा म्हणून निवडली आहे ती तोत्तोचान आणि पोलिओ झालेल्या यासुआकी-चानची मैत्री. पुस्तकात झाडावर चढायचा प्रसंग सुरुवातीला आहे आणि त्याचा मृत्यू बराच नंतर. ही दोन टोकं पक्की धरल्यावर मधले सुटे प्रसंग त्या दोरीला आपोआप लटकतात. ज्यांचा त्या मैत्रीशी संबंध नाही ते गळाले तरी खड्डा पडत नाही.

कणा सापडल्यावर प्रत्येक उरलेल्या कार्डाला एकच प्रश्न : या प्रसंगानंतर मूल असं काय करतं, जे आधी केलं नसतं? उत्तर नसेल तर कार्ड बाजूला. खास आवडतं म्हणून एखादं ठेवायचं असेल, तर ठेवा, एखादं. या कामाला घाई नको. तीन-चार आठवडे नुसते कार्डांवर गेले तरी पुढं पटकथेत दोन महिने वाचतात.

पुस्तक फार लहान असेल तर उलटी अडचण येते. तिथं लोक हमखास एक खलनायक आणि एक उपकथानक बाहेरून आणतात. त्यापेक्षा कथेत आधीच असलेली गोष्ट फुगवावी. उपेंद्रकिशोर रायचौधुरींची गुपी-बाघाची गोष्ट १९१५ साली 'संदेश' मासिकात आली. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ साली तिच्यावर दोन तासांचा चित्रपट केला. भुतांच्या भेटीचा त्यांनी साडेसहा मिनिटांच्या आसपासचा नाच केला. भुतांचे चार वर्ग पाडले, त्यात राजे आले, गोरे साहेबही आले, आणि प्रत्येक वर्गाला दक्षिणी तालवाद्यांपैकी एकेक वाद्य दिलं : मृदंगम, घटम, खंजिरा, मोरसिंग. या नाचाला नवं उपकथानक लागलं नाही, पण पडदा भरून गेला. भुतं मुळात गोष्टीत होतीच, त्यांची बिरादरी कशी असेल एवढाच प्रश्न त्यांनी विचारला.

पात्राचं वय बदलणं हा नाजूक मामला. पुस्तकातला फास्टर फेणे पुण्यातल्या विद्याभवनचा शाळकरी मुलगा. २०१७ च्या आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण आहे. ती भूमिका अमेय वाघची, गुन्हाही परीक्षेतल्या गैरव्यवहाराचा. बऱ्याच वाचकांना हे झेपलं नाही. पण एक गोष्ट चोख केली होती : हा अमुक पुस्तकाचा चित्रपट आहे असा आव आणला नव्हता. पात्र जुनं, गोष्ट नवी. शिवाय दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं खुद्द भा. रा. भागवतच गोष्टीत आणले. सांगणारा हरवू न देण्याची ही चांगली युक्ती होती. गेलं ते शाळकरी वयातलं निर्भय कुतूहल. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा चोराचा पाठलाग करतो तेव्हा धाडस दिसतं, बारा वर्षांचा करतो तेव्हा मजा आणि भीती दोन्ही वाटतात. वय वाढवायचं असेल तर हा तोटा मान्य करून वाढवा.

'ट्टॉक'सारख्या खुणांबद्दल : कागदावर ती दोन अक्षरं असतात आणि प्रत्येक वाचक आपापला आवाज काढतो. पडद्यावर एकच आवाज ठरतो. तो चित्रपटभर वाजवला की जाहिरात वाटते. पहिल्यांदा ओळख म्हणून, दुसऱ्यांदा सवय म्हणून, तिसऱ्यांदा अडचणीत कामाला येईल अशा जागी. तीन वेळा पुरे.

काळाचा निर्णय भावनेवर घेऊ नका. पात्राच्या खिशात मोबाइल ठेवून सगळी कार्डं पुन्हा वाचा. एक तृतीयांशहून अधिक प्रसंग तिथंच मेले, तर काळ बदलू नका, जुनाच ठेवा. जुना काळ महाग पडतो तो कपड्यांमुळे कमी, पार्श्वभूमीमुळे जास्त. कोकणातलं घर घेतलंत तर विजेचं मीटर, केबलची तार, निळी प्लास्टिकची टाकी, पीव्हीसी पाइप, पत्र्याची शेड, चिऱ्याच्या कुंपणावरचं सिमेंट यांचे फोटो आधी काढून यादी करा. काय झाकता येतं, काय काढता येतं, काय नंतर संगणकावर, व्हीएफएक्सनं पुसावं लागेल, असे तीन गट करा. कॅमेरा मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवलात तर यातलं बरंच आपोआप चौकटीबाहेर जातं. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी ही उंची साधारण ११५ ते १२५ सेंटिमीटर. बालपणाच्या चित्रपटाला ती उंची शोभतेही. मोठ्यांचे चेहरे वर राहतात, हात आणि पदर समोर येतात.

आता हक्क. कलावंत मंडळी याला शेवटी हात घालतात, खरं तर पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी हे उरकायला हवं. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून 'श्यामची आई' २०१० अखेरपर्यंत संरक्षित होतं. १ जानेवारी २०११ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यांच्या पुस्तकांची मुदत २०६१ अखेरपर्यंत आहे. मात्र पुस्तक खुलं झालं म्हणजे त्यावरचं सगळं खुलं झालं, असं नाही. 'भरजरी गं पीतांबर' हे गाणं लोकांच्या मनात 'श्यामची आई'शी इतकं चिकटलं आहे की ते पुस्तकातलंच वाटतं. ते आचार्य अत्र्यांनी आपल्या १९५३ च्या चित्रपटासाठी लिहिलं, संगीत वसंत देसाईंचं. अत्रे १९६९ साली गेले, देसाई १९७५ साली. म्हणजे शब्दांची मुदत २०२९ अखेरपर्यंत आणि संगीताची २०३५ अखेरपर्यंत आहे. आधीच्या रूपांतरातून आलेली प्रत्येक गोष्ट अशी वेगळी काढून तपासा. पुस्तकातली चित्रं वेगळी, अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा.

हक्क प्रकाशकाकडे असतात हा दुसरा गैरसमज. बहुतेक जुन्या करारांत प्रकाशकाला फक्त छापायचा हक्क असतो, चित्रपटाचा लेखकाकडे किंवा वारसांकडे राहतो. मूळ करार डोळ्यांनी बघा. वारस चार असतील तर चौघांच्या सह्या घ्या. एकानं 'सगळ्यांचं मी बघतो' म्हटलं, तर त्याच्याकडे लेखी अधिकारपत्र मागा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी हवं आणि त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश, मोबदला हे सगळं यायला हवं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर एका वर्षात हक्क वापरला नाही की तो लेखकाकडे परत जातो. मराठी चित्रपटासाठी पैसे उभे करणं वर्षात क्वचित होतं, म्हणून हे कलम करारात स्पष्टपणे हाताळा. ओटीटी, डबिंग, पुढचा भाग, मालिका, रंगमंच यांचा उल्लेख एकेक करून असू द्या.

कलम ५७ मात्र हक्क विकत घेऊनही संपत नाही. कृतीची आपल्या प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड झाली, तर लेखक दाद मागू शकतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' या घटस्फोटित आईबापांच्या मुलावरच्या कादंबरीवर 'समय की धारा' हा चित्रपट झाला, तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ चा तो निकाल आजही पटकथाकारांनी वाचावा असा आहे : माध्यम बदलताना बदल करावेच लागतात हे न्यायालयानं मानलं, पण कलम ५७ चं संरक्षण चित्रपटालाही लागू आहे हेही मानलं. त्यामुळे पटकथेचा आराखडा वारसांना दाखवून कराराला जोडणं दोघांच्याही सोयीचं. शीर्षकाची नोंदणी निर्मात्यांच्या संघटनेकडे वेगळी करावी लागते, तीही लगेच करून टाका.

चित्रीकरणाचं वेळापत्रक मुलांच्या कायद्यावर उभं करावं लागतं. बालकामगार नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची असते. मुलाच्या मोबदल्यातले किमान वीस टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत जातात. प्रत्येक दृश्यात मूल असलेला चित्रपट म्हणजे दिवसाला खरं काम साडेतीन-चार तासांचंच. मोठ्यांच्या चित्रपटाला पस्तीस दिवस लागतील तिथं इथं पंचेचाळीस-पन्नास धरा. मुलाचे शॉट आधी, मोठ्या नटांचे नंतर, हा क्रम मोडू नका. मोठा नट भिंतीकडे बघूनही संवाद म्हणू शकतो.

सुट्टीचा सापळा वेगळाच. शाळा बुडू नये म्हणून सगळे एप्रिल-मे निवडतात. पण गोष्टीत भरलेली विहीर असेल तर? श्यामला पोहायला धाडण्याचा प्रसंग घ्या. कोकणात विहिरी तुडुंब असतात त्या पावसाळ्यात, मे महिन्यात तळ दिसतो. पाण्याची दृश्यं सप्टेंबर-ऑक्टोबरात वेगळी काढायची, तर मधल्या चार-पाच महिन्यांत मूल दोनेक सेंटिमीटर वाढतं, सहा-सात वर्षांच्याचा दात पडतो, बारा-तेराच्याचा आवाज फुटायला लागतो. म्हणून पाण्याचा भाग शक्यतो आधी काढा, नंतर नाही. खऱ्या विहिरीत वरून घेतलेले दूरचे शॉट आणि उथळ टाकीत जवळचे, असं वाटून घ्या. मूल पट्टीचं पोहणारं असलं तरी पाण्यात, चौकटीबाहेर, दोन पोहणारे हवेतच. एकाच कपड्याचे किमान चार जोड, सगळे सारखेच जुने केलेले. घेरा आणि शेंडी असेल तर मुंडन पहिल्या दिवशी आणि मग दर चार-पाच दिवसांनी वस्तरा, नाहीतर दोन दृश्यांमध्ये केस वाढलेले दिसतात. गाय, कुत्रा, बैल काहीही असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी चित्रीकरणाआधीच. प्राण्याचा प्रसंग नंतर सुचला म्हणून घुसवता येत नाही.

त्याच पोहण्याच्या प्रसंगात दुसरा पेच आहे. लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारते. आजचा प्रेक्षक त्यावर अस्वस्थ होतो आणि सल्ला येतो, मार काढून टाका, नुसतं रागवू द्या. माझ्या मते काढू नये. त्या पुस्तकातली आई गोडगोड नाही, म्हणून तिचं प्रेम खरं वाटतं. वळ उठलेल्या मुलाला नंतर जवळ घेणारी तीच आहे. तो मार प्रत्यक्ष न दाखवता माळ्याखालून ऐकवता येतो, आणि नंतरचा प्रसंग पुरा दाखवता येतो. मार दाखवून नंतरचा प्रसंग कापला, तर मात्र आई क्रूर ठरते. सेन्सॉर प्रमाणपत्राच्या दृष्टीनंही हे बघा. २०२४ पासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) श्रेणीत सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे आहेत. मुलांच्या चित्रपटाला तेराचा टप्पा लागला तर शाळांचे खेळ अवघड होतात.

मुलं निवडताना संवाद पाठ करून आलेल्यांपेक्षा ऐकणारं मूल शोधा. त्याला कॅमेऱ्यासमोर काही करायला देऊ नका, कुणीतरी त्याला एक गोष्ट सांगा आणि ते ऐकताना त्याला टिपा. अशा पुस्तकांतलं निम्मं काम ऐकण्याचंच असतं. पुस्तकी वाक्यांबद्दल एक नियम : मूल एकाच वाक्यावर तीनदा अडखळलं, तर वाक्य बदला. जुन्या शब्दांपैकी जे मुलाच्या जिभेवर सहज बसतात ते आवर्जून ठेवा.

पहिलं संकलन झालं की दोन वेगळ्या गटांना दाखवा : पुस्तक वाचलेले आणि न वाचलेले. न वाचलेल्यांना फक्त गोष्ट सांगायला लावा. ती गोष्ट तुमच्या कण्याशी जुळली नाही तर संकलन पुन्हा. वाचलेल्यांना 'काय राहिलं' असं विचारू नका, यादी संपत नाही. 'कुठं खोटं वाटलं' ते विचारा. बोट बहुतेक वेळा तुम्ही नव्यानं लिहिलेल्या भागाकडे जाणार नाही, सांगणारा गप्प झाला त्या जागेकडे जाईल.

श्रेयनामावलीत 'कादंबरीवर आधारित' आणि 'पात्रांवर आधारित' यांतला फरक पाळा, पोस्टरवरही. आणि प्रकाशक चित्रपटातल्या नटाचा फोटो घालून नवी आवृत्ती काढणारच असेल, तर जुन्या मुखपृष्ठाची आवृत्तीही दुकानात राहील, एवढी एक ओळ करारात टाकून घ्या. पुढच्या वाचकाला त्याचा स्वतःचा बन्या आधी भेटू दे.